शिवलीलेच्या उशाशी बसलेला सेन्सर

मित्रांनो, तुमच्या घरी टीव्ही असेल तर त्याच्या खालच्या काठाकडे एकदा नीट बघा. तिथे करंगळीच्या नखाएवढी एक काळी काच दिसेल. तिच्यामागे माझ्यासारखा कुणीतरी बसलेला असतो. दुरुस्तीवाले आम्हाला सेन्सर म्हणतात. मीही असाच एक सेन्सर आहे, आणि आता बराच जुना झालो आहे.

मला तीन पाय आहेत, पण मी चालू शकत नाही. मला एक डोळा आहे, पण तुम्हाला दिसतं ते मला दिसत नाही. झाडं, रंग, माणसांचे चेहरे, यांतलं काहीच मी पाहिलेलं नाही. रिमोटच्या टोकाला एक बारीक दिवा असतो. त्याचा उजेड तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, मला मात्र दिसतो. बटण दाबलं की तो भराभर लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्यात निरोप असतो. आवाज वाढव, चॅनेल बदल, बंद हो. तो निरोप वाचायचा आणि आत पोचवायचा, एवढंच माझं काम. बाकीचं जग मी माणसांच्या बोलण्यावरून ओळखतो, आणि उरलेलं मनानंच भरून काढतो.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. एका लांब कागदी पट्टीवर माझे कितीतरी भाऊ माझ्या शेजारी ओळीनं चिकटवलेले होते, एवढं आठवतं. पुढे आमची ताटातूट झाली. मला एका सेट टॉप बॉक्समध्ये बसवलं, आणि तो बॉक्स फिरत फिरत नळदुर्गला आला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर बब्रुवान नावाच्या माणसाचा ढाबा होता. तिथल्या टीव्हीखाली माझी जागा ठरली.

ते माझे चांगले दिवस होते. ट्रक थांबायचे, बाहेर टाकलेल्या बाजा माणसांनी भरायच्या आणि रिमोट या हातातून त्या हातात जायचा. कुणाला कन्नड गाणी हवी असायची, कुणाला तेलुगू मारामारी, कुणाला क्रिकेट. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. बब्रुवान गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, "आमचा डबा लई हुशार हाय. भिंतीकडं तोंड करून रिमोट दाबला तरी ऐकतंय." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

पण फोडणीचा धूर माझ्या काचेवर बसत गेला. ती काच कुणी कधी पुसली नाही. निरोप अंधूक येऊ लागले, आणि बब्रुवान डब्याला चापट्या मारू लागला. मग एका वादळात वीज कडाडली, तारांमधून मोठा झटका आला आणि सगळा डबा आतून जळाला. मी तेवढा वाचलो. डबा दुरुस्तीला गौरीशंकरच्या दुकानात गेला. हायवेच्या कडेला त्याचं टीव्ही आणि डिशचं छोटं दुकान आहे. त्यानं डबा उघडून पाहिला, मान हलवली, आणि उपयोगी पडतील तेवढे भाग काढून ड्रॉवरमध्ये टाकले. त्यात मी होतो.

मित्रांनो, ड्रॉवर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. तिथे अंधाराचा मला त्रास नव्हता. त्रास होता तो निरोप नसण्याचा. दुकानात दिवसभर रिमोट दाबले जात. गिऱ्हाइकं म्हणत, "चालतंय की!" आणि मी त्या पत्र्याच्या खोक्यात स्क्रू आणि तुटक्या वायरींमध्ये उलटा पडून ते ऐकत असे. डोळा शाबूत असून समोर पत्राच, आणि मी इथे आहे हे कुणाला सांगायची सोय नाही.

गौरीशंकरची मोठी बहीण शिवलीला सास्तूरला राहते. ती आणि तिचा नवरा पंचाक्षरी तिथे पिठाची गिरणी चालवत. गिरणी खरी तिचीच म्हणायची. जात्याच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावायला किंवा पट्टा बदलायला ती कुणाची वाट बघत नसे. एका उन्हाळ्यात ती स्लॅबवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करत होती. गोळा करत करत मागे सरकली. स्लॅबला कठडा नव्हता. मानेचं हाड मोडलं. सोलापूरच्या दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा मान आणि चेहरा सोडून तिच्या अंगातलं काहीच हलत नव्हतं.

तिची कॉट खिडकीजवळ टाकली होती, बाहेरचं दिसावं म्हणून. पण खिडकीतून बाहेरचं दिसतं तसं आतलंही दिसतं. गल्लीतून जाणाऱ्या बायका थांबायच्या, बघायच्या, जिभेनं च् च् करायच्या आणि पुढे जायच्या. शेजारची दैवशाला तिची जिवाभावाची मैत्रीण. ती तर एक दिवस गजाला धरून मोठ्यानं रडली. त्याच दिवशी शिवलीला नवऱ्याला म्हणाली, "खिडकी बंद करा. म्या काय जत्रेतला तमाशा न्हाय."

खिडकीची दारं वाळवीनं खाल्लेली होती. पंचाक्षरीनं गिरणीच्या उद्घाटनाचा जुना फ्लेक्स आणला आणि चौकटीवर खिळे मारून ठोकून टाकला. खोलीत दिवसाही अंधार झाला. मग आठवडी बाजारातून एक बल्ब आणून लावला. तेव्हापासून तो बल्ब सकाळपासून रात्रीपर्यंत जळत असे आणि शिवलीला त्याच्याखाली छताकडे बघत पडून असे. कोपऱ्यात टीव्ही होता, पण तो लावायलाही कुणाला तरी हाक मारावी लागे.

एकदा कडक उन्हात वीज गेली आणि थोड्या वेळानं परत आली. बल्ब आपोआप लागला. पंखा मात्र रिमोटचा, तो बंदच राहिला. पंचाक्षरी गिरणीवर होता. सासू नागम्मा बाहेर ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, तिला ऐकायला कमी येतं. शिवलीलेनं हाका मारल्या. मग तिनं हाका मारणं सोडून दिलं. पंचाक्षरी घरी आला तेव्हा तिची उशी घामानं चिंब झाली होती.

"अगं, हाक का न्हाय मारलीस?"

"किती मारू?" ती म्हणाली. "पाणी पायजे, हाक मारा. माशी बसली, हाक मारा. पंखा लावा, हाक मारा. मला माझ्या आवाजाचाच वीट आलाय."

ही गोष्ट गौरीशंकरच्या कानावर गेली. तो दुकानात आला, ड्रॉवर उघडला, आणि मला दोन बोटांत धरून बाहेर काढलं. माझ्या काचेवरची जुनी काजळी त्यानं शर्टाच्या टोकानं पुसली. पहिल्यांदाच कुणीतरी पुसली.

सामानाची पिशवी घेऊन तो सास्तूरला आला आणि बहिणीच्या उशाशी स्टुलावर कामाला बसला. एका प्लास्टिकच्या डबीत त्यानं लहानसं सर्किट बसवलं. एका भोकातून मला बाहेर बघायला लावलं आणि माझे तिन्ही पाय आत पक्के चिकटवले. डबीला स्वतःची बॅटरी दिली, म्हणजे वीज गेली तरी ती चालावी. उशीच्या कडेला कापडात गुंडाळलेलं एक मऊ बटण ठेवलं.

"अक्का, तू नुसता गाल उशीकडं कलव," तो म्हणाला. "बटण दबलं की ही डबी रिमोटसारखाच उजेड टाकंल. एकदा दाबलं की पंखा, जरा धरून ठेवलं की टीव्ही. कुणाला हाक मारायचं काम न्हाय."

"आन् हिला कसं कळंल पंख्याला काय सांगायचं?"

"शिकवायचं तिला. ह्यो काळा सेन्सर हाय ना, त्येच्या म्होरं खरा रिमोट दाबायचा. एकच बटण दोनदा. दोन्ही बारी सारखंच वाचलं, तर हिरवा दिवा लागतो. मग ती डबी ते जन्मभर इसरत न्हाय."

नागम्माही खुर्ची ओढून जवळ बसली. गौरीशंकरनं रिमोट माझ्यासमोर धरला आणि पंख्याचं बटण दाबलं. परत दाबलं. सगळे हिरव्या दिव्याची वाट बघत होते.

लाल दिवा लागला.

त्यानं पुन्हा केलं, पुन्हा लालच. रिमोट अगदी माझ्या डोळ्याला टेकवून दाबला, मग हातभर लांब नेऊन दाबला. लालच. माझ्या शेजारी एक निळा दिवा होता. मला काहीही दिसलं की तो लुकलुकायचा. तो लुकलुकत होता, म्हणजे मला दिसत होतं. पण दोन्ही वेळा मी सांगितलेला निरोप वेगवेगळा निघत होता.

मित्रांनो, मला खरं काय होत होतं ते ऐका. रिमोटचा निरोप माझ्यापर्यंत येत होता, पण तो एकटा येत नव्हता. त्या खोलीत वरून कुणीतरी सतत किरकिरत होतं. न थांबता, न दमता, माझ्या डोळ्यात किरकिर ओतत होतं. लग्नात कानाशी बँड वाजत असताना कुणी हळूच आपलं नाव सांगावं, तसं झालं होतं. नावातलं एखादं अक्षर कळे, एखादं बँडमध्ये बुडून जाई. तो किरकिरणारा कोण, हेही मला माहीत होतं. तो बल्ब होता. बाजारातला स्वस्तातला बल्ब. त्याचा उजेड तुम्हाला शांत वाटेल, पण आतून तो सारखा थरथरत होता आणि ते थरथरणं माझ्याच भाषेच्या जवळचं होतं.

मला माहीत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. तोंड नाही, हात नाही. पाय आहेत, ते चिकटवलेले. समोरचा माणूस माझ्यासाठीच घाम गाळतोय, चूक कुठे आहे ते माझ्या डोक्यावर लटकतंय, आणि मी नुसता लाल दिवा लावतोय. ड्रॉवरमध्ये मी इतका कोंडलेलो नव्हतो.

गौरीशंकरनं एकेक गोष्ट तपासायला घेतली. रिमोटचे सेल संपले असतील, म्हणून मोबाइलचा कॅमेरा त्याच्या टोकावर धरला. कॅमेऱ्यात जांभळा ठिपका लुकलुकला, म्हणजे रिमोट चांगला होता. मग मीटर लावून मला वीज नीट मिळते का ते पाहिलं. मिळत होती. मग त्याला शंका आली की माझे पायच उलटसुलट जोडले गेले असतील, कारण सगळ्या सेन्सरांच्या पायांचा क्रम एक नसतो. सगळं सुटं करून त्यानं पुन्हा जोडलं. पाय बरोबरच होते. डबीचा सांधा न् सांधा तपासला. टीव्हीचा रिमोट दाखवून पाहिला. त्यालाही लाल दिवाच.

"शिकंना का ह्ये?" नागम्मानं विचारलं. "मठ्ठ हाय का काय?"

"जुना हाय, मावशी," गौरीशंकर थकून म्हणाला. "डोळाच गेला असंल त्येचा. जळक्या डब्यातनं काढला व्हता म्या."

त्यानं हत्यारं पिशवीत भरायला सुरुवात केली. "अक्का, डबी घेऊन जातो. नवा सेन्सर मागवतो. पुढच्या खेपंला बसवून देतो."

"पुढची खेप कवा?"

"बगू. लग्नसराई हाय, डिशची कामं लई पडलीत."

शिवलीलेला तर कूसही बदलता येत नव्हती, म्हणून तिनं फक्त मान भिंतीकडे वळवली. पंचाक्षरी दारात उभा होता. तो म्हणाला, "न्हाय झालं तर न्हाय झालं. आमी हाव की पंखा लावायला." त्याच्या मनात माया होती, पण शिवलीलेला त्यात पुन्हा हाका मारणंच ऐकू आलं. मला ड्रॉवर आठवला. आता आत गेलो तर तिथून कुणी मला काढणार नव्हतं.

तेवढ्यात वीज गेली.

सास्तूरला वीज जाणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यातली किरकिर एकदम थांबली. किती शांत वाटलं म्हणून सांगू! मी पहिल्यांदाच त्या घरात स्वच्छ जागा झालो. पण मला काय वाटतंय ते कोण बघणार? गौरीशंकर अंधारात पिशवीची चेन शोधत होता.

"गौरी," शिवलीला म्हणाली. तिनं मान परत वळवली होती. "ती डबी बंद केलीस का?"

"न्हाय. का गं?"

"निळा दिवा गप झालाय बग."

"कुणी रिमोट दाबंना, मग गपच ऱ्हाणार की."

"तसं न्हाय. सकाळपसनं म्या त्येच्याकडंच बगत पडलीय. दुसरं हाय काय मला बगायला? तू रिमोट खाली ठेवून चहा प्यायला गेलास तवाबी तो लुकलुकतच व्हता. कुणी हात लावंना तरीबी. आता लाईट गेली आन् गप झाला."

गौरीशंकरचा हात पिशवीवरच थांबला. तो डबीजवळ आला आणि निळ्या दिव्याकडे बघत राहिला. दिवा शांत होता. मग वीज आली, बल्ब लागला, आणि निळा दिवा पुन्हा वेड्यासारखा लुकलुकू लागला. रिमोट कॉटवर तसाच पडला होता.

"आयला!" तो ओरडला. "दाजी, बल्ब बंद करा. बल्ब!"

पंचाक्षरीनं बल्ब बंद केला. निळा दिवा थांबला. चालू केला, लुकलुकला. बंद केला, थांबला. नागम्माला काही कळेना. ती म्हणाली, "शिव शिव, लाईटीचा काय खेळ लावलाय?"

"ह्यो बल्ब बडबडायलाय, मावशी," गौरीशंकर हसत म्हणाला. "आन् म्या बिचाऱ्या सेन्सरला आंधळा म्हनत बसलो." मग त्याचं हसू थांबलं. बल्ब बंद असल्यानं खोलीत काळोख होता. रिमोटवरची बटणंसुद्धा दिसत नव्हती. मोबाइलचा उजेड लावायला त्याचं मन घेईना. त्या दिव्यानंही घोटाळा केला तर? साधा दिवसाचा उजेड हवा होता. त्यानं खिडकीकडे पाहिलं आणि मग बहिणीकडे. विचारायला त्याची जीभ रेटेना.

पंचाक्षरी म्हणाला, "दार उघडं करतो की. खिडकी ऱ्हाऊ द्या."

पण दारातून पुढच्या खोलीतला अंधूक उजेड उंबऱ्यापर्यंतच आला.

शेवटी शिवलीलाच म्हणाली, "काढा तो फ्लेक्स."

"नक्की?" पंचाक्षरीनं विचारलं.

"काढा म्हनलं ना. मला बगायचंय ते कसं शिकतंय."

एकेक खिळा उचकटला. फ्लेक्स करकरत खाली आला आणि खोलीत दुपार आली. ऊन त्या बाजूला नव्हतं, नुसता मोकळा उजेड होता, आणि तो माझ्या डोळ्याला जराही खुपला नाही. गौरीशंकरनं रिमोट धरला. बटण दाबलं. निरोप आला, अक्षर न् अक्षर स्वच्छ. परत दाबलं. तोच निरोप, तसाच.

हिरवा दिवा लागला.

"लागला!" नागम्मा सगळ्यांच्या आधी ओरडली.

टीव्हीचं बटणही मी तसंच शिकलो. मग गौरीशंकर मागे सरकला आणि म्हणाला, "अक्का, आता तू."

शिवलीलेनं गाल कलवला. डबीतून उजेड गेला आणि वर पंखा फिरू लागला. तिच्या कपाळावरचे केस हलले. तिनं पुन्हा गाल कलवला, पंखा थांबला. पुन्हा लावला. पुन्हा बंद. पंचाक्षरी तिच्या पायाशी बसला होता. तो उठून बाहेर गेला आणि नाक शिंकरून परत आला.

त्याच वेळी दैवशाला गल्लीतून जात होती. उघडी खिडकी बघून ती थबकली. जवळ यावं की पुढं जावं, हे तिला ठरवता येईना.

शिवलीलेनंच हाक मारली. "रडनार असशील तर म्होरं हो. न्हाय तर आत ये, पंखा लावते."

दैवशाला आत आली. रडलीही, पण हसत हसत रडली.

मित्रांनो, शिवलीला पूर्वीसारखी होईल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ती आजही त्याच कॉटवर आहे. काही दिवस तिला खिडकी नकोशी होते, तेव्हा दैवशालानं शिवलेला पडदा ओढतात. तो बाजारातला बल्ब काढून दुसरा लावला आहे. आणि माझं म्हणाल तर माझं काम त्याच दिवशी संपलं. डबी शिकली ती शिकली, आता मला कुणी काही विचारत नाही. मी तसाच चिकटवलेला आहे, त्याच भोकातून बघतो आहे. पण शिवलीला गाल कलवते तेव्हा डबीतून गेलेला उजेड छताला लागून थोडासा माझ्याकडेही येतो. तेवढ्यावरून मला कळतं की हा तिचा निरोप आहे.

परवा आभाळ भरून गार वारा सुटला होता. नागम्मा सुनेच्या कॉटशेजारी चटईवर पडल्या पडल्या झोपली. पंखा जोरात होता आणि म्हातारी झोपेतच पाय पोटाशी घेऊन कुडकुडत होती. तेवढ्यात शिवलीलेचा निरोप माझ्या डोळ्यावरून गेला. पंखा थांबला.

वारा थांबल्यानं नागम्मा जागी झाली. "लाईट गेली का गं?"

"न्हाय, अत्याबाई," शिवलीला म्हणाली. "तुमास्नी थंडी वाजायली व्हती, म्हनून म्या बंद केला. झोपा तुमी."

नागम्मा उठून बसली. इतके दिवस त्या घरात सगळे शिवलीलेसाठी काही ना काही करत आले होते. त्या दिवशी शिवलीलेनं कुणासाठी तरी काहीतरी केलं. म्हातारीनं सुनेच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी, तुमच्या वर्गात, सांगितलेलं शिकत नाही असं कुणी असेल, तर त्याला मठ्ठ म्हणून ड्रॉवरात टाकू नका. त्याच्या डोक्यावर कसली किरकिर चालली आहे, ते आधी वर मान करून बघा. आणि घरात कुणी पडून असेल तर त्याची काळजी जरूर घ्या, पण त्यालाही तुमची काळजी घेता यावी, एवढी एखादी कळ त्याच्या गालाशी ठेवा.